ओळखीचं टेबल

रुचिरा धुरी ज्या कोर्टात वकिली करते त्याचं नाव इथे घ्यायला नको. अंधेरीच्या पुढे आणि दहिसरच्या अलीकडे ते आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर तिथली वकील मंडळी पुढचं वाचायचं सोडून आपली बदनामी झाली म्हणून ठराव करतील, आणि ठराव करण्यात या लोकांचा हात कोणी धरणार नाही.

रुचिरा दहिसरची. आजोबा गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा लालबागची खोली विकून बिऱ्हाड नदीपलीकडे आलं. वडील एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. घरात काळा कोट घालणारी ती पहिलीच. सनद हातात पडली त्या दिवशी आईने चाळीतल्या प्रत्येक दारात उभं राहून ‘आमचा चेडू वकील झाला’ असं सांगितलं. ज्यांना आधीच माहीत होतं त्यांनाही सांगितलं. रुचिरावर लाजून मरायची वेळ आली. पण खरं सांगायचं तर तिलाही ते ऐकायला आवडत होतं.

वकील होणं त्या मानाने सोपं असतं, बाररूममध्ये बसायला खुर्ची मिळणं कठीण. तिथे प्रत्येक खुर्चीला मालक असतो. मालक कोर्टात उभा असला तरी खुर्ची मोकळी नसते, तिच्यावर त्याची बॅग बसलेली असते. पहिले सहा महिने रुचिराने पाण्याच्या कूलरजवळ उभं राहून डबा खाल्ला. एक दिवस नंदकिशोर चुरींनी ते पाहिलं, कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या जुन्या फायली स्वतःच्या हाताने उचलल्या आणि म्हणाले, “ही तुझी. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग.”

नंदकिशोर चुरी म्हणजे असोसिएशनचे सेक्रेटरी. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, आणि चढवायची त्यांना गरजही पडत नसे. नव्या वकिलांसाठी ज्युनियर सेल त्यांनीच काढला. शनिवारची व्याख्यानं, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली, मुलींसाठी वेगळी कपडे बदलायची खोली, सगळं त्यांच्यामुळे झालं. रुचिराच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला सेलची चार पोरं त्यांनीच धाडली. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा ज्युनियर त्या इमारतीत शोधून सापडला नसता. रुचिरा तर ‘सर’ म्हणताना नकळत उभी राहायची.

ओळखीचं टेबल ही सरांचीच कल्पना, पण उभं केलं रुचिराने. कोर्टात कुणी प्रतिज्ञापत्र करायला आलं की शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर एका वकिलाने लिहून सही करायची असते: या व्यक्तीला मी ओळखतो. ज्याचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलाय, किंवा ज्याला वकीलच नाही, त्याने काय करायचं? लोक व्हरांड्यात काळ्या कोटांच्या मागे फिरत, सही देता का सही, असं करत. म्हणून बाररूमच्या दाराशी एक टेबल मांडलं. रोज एका ज्युनियरची पाळी. आधार कार्डाची मूळ प्रत बघायची, चेहरा बघायचा, वहीत नोंद करायची, सही द्यायची. पाळ्यांचा तक्ता रुचिराने केला, नियमही तिनेच टाइप करून भिंतीवर चिकटवले.

एक नियम मात्र भिंतीवर नव्हता. सीनियरने स्वतः आणलेल्या माणसाचे कागद मागायचे नाहीत. कागद मागणं म्हणजे सीनियरच्या शब्दावर शंका घेणं. हे कुणी शिकवलं नव्हतं. पण पहिल्या आठवड्यात एका पोराने एका बुजुर्ग वकिलाला “आधार दाखवा ना” म्हटलं आणि त्या पोराला बाररूममध्ये महिनाभर कुणी चहाला विचारलं नाही. बाकीचे तेवढ्यावर शिकले.

मार्चमध्ये एका दुपारी सर एका म्हातारीला घेऊन टेबलापाशी आले. कोळणीचं लुगडं, अंबाड्यात वेणी, मान खाली. “माझ्या पक्षकाराची काकी,” सर म्हणाले. “घरावर हक्क नको म्हणून लिहून देतेय पुतण्याला. सही करून टाक, मला वर कोर्ट आहे.” कागदावर नाव होतं पुतळाबाई टपके. सोबतच्या झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता. रुचिराने सही केली. “पुतळाबाई, इथे अंगठा,” असं तिला दोनदा म्हणावं लागलं. पहिल्या वेळी बाईने वर पाहिलंच नाही. कानाने कमी असेल, असं रुचिराच्या मनात आलं. बाई हात पुढे करेना, तेव्हा तिचा अंगठा रुचिरानेच धरून टेकवला. मग पाण्याचा ग्लास पुढे केला. बाई पाणी न पिताच गेली.

ही गोष्ट रुचिरा विसरलीसुद्धा. विसरू दिली असती तर बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये सरांनी टेबलाची वही मागून घेतली. “ऑडिट आहे,” म्हणाले. ओळखींच्या वहीचं कसलं ऑडिट, हा प्रश्न रुचिराच्या जिभेवर आला आणि तिने तो गिळला. दुसऱ्या दिवशी टेबलावर कोरी वही होती. सप्टेंबरमध्ये सेलच्या सहसचिवपदासाठी सरांनी तिचं नाव सुचवलं आणि ती बिनविरोध निवडून आली. स्वरदा, तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, टाळ्या वाजवता वाजवता कानाशी लागली. “सर तुझ्यावर भलतेच खूश आहेत यार. नक्की कशाबद्दल?” दोघी हसल्या. त्या रात्री रुचिराला जेवण गेलं नाही, आणि का ते तिला सांगता येईना.

ऑक्टोबरमधला गुरुवार. टेबलावर रुचिराची पाळी. अडीचच्या सुमाराला एक म्हातारी एकटीच आली. हिरवं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, पाठ ताठ. बाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतलेला अर्ज तिने टेबलावर ठेवला. “तू वकील ना गो? तिथली मॅडम सांगते, वलखीची सही पायजे.”

“तुमचा वकील कोण, आजी?”

“कोन नाय. तिघांकडं गेलू. समोर कोन वकील हाय ते ऐकला का तिघंय नाय म्हनतात.”

आता खरं म्हणजे टेबलावर बसणारं कुणीही कागद वाचत नाही. शेवटचं पान उलटायचं, सहीची जागा बघायची. पण वरचा पंखा पानं उडवत होता म्हणून रुचिराने ती तळहाताखाली दाबली, आणि बोटांच्या फटीतून तिला स्वतःचं नाव दिसलं. परिच्छेद सहा. ‘सदर प्रतिज्ञापत्रावर ॲड. रुचिरा धुरी यांनी जिची ओळख दिली ती स्त्री मी नव्हे. सदर अंगठा माझा नव्हे. मी अंगठा देत नाही, सही करते.’

तिने वर पाहिलं. मग अर्जाचं पहिलं पान. पुतळाबाई टपके, वय एकाहत्तर.

रुचिराने खुर्ची पुढे ओढली. तिने अर्ज पुन्हा वाचला, या वेळी नीट. घर खाडीकडच्या कोळीवाड्यातलं, नवऱ्याच्या नावचं. पुतण्या चंदर याने ते आपल्या नावे करून मागितलं आणि काकीची हरकत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र जोडलं. दाराला पाटी चंदरची, त्यामुळे नोटिसा त्याच्याच हाती पडल्या. हुकूम झाला. ताब्याचं वॉरंट निघालं. बेलिफ उद्या सकाळी अकराला घर रिकामं करायला येणार होता, आणि पुतळाबाईंना हे परवा शेजारणीकडून कळलं होतं.

“ती कोन धुरी वकील हाय,” पुतळाबाई म्हणाल्या, “तिना मना कवा बघितला? चाळीस वर्सं मासली विकली त्या घराच्या ओटीवर. एक सही करून मोकली झाली. तिचं वाटोलं होईल बघ.” मग पिशवीतून आधार कार्ड काढून त्यांनी ते रुचिरासमोर ठेवलं. “घे, बघ. मीच हाय ना? कर सही.”

फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा एकच होता. मार्चमधली ती बाई या बाईसारखी जराही नव्हती.

“दोन मिनिटं, आजी,” म्हणत रुचिरा उठली आणि जिन्यापाशी गेली. काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. उद्या या, असं सांगता आलं असतं. टेबल बंद झालं म्हणता आलं असतं. उद्या अकरानंतर सगळंच संपलं असतं, आणि कुणी विचारलंही नसतं. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि आलं याची तिला किळस वाटली.

जिन्याच्या वळणावर नंदकिशोर सर उभे होते. वाट पाहत असावेत तसे.

“बाई आलीय ना,” ते म्हणाले.

“सर, तुम्हाला माहीत होतं?”

“चंदरने माणूस आणला, मी विश्वास ठेवला. तू माझ्यावर ठेवलास तसा.” आवाज नेहमीसारखाच मऊ. “आता यात खोदत बसलं तर जाईल कुणाची सनद? कागदावर माझी सही नाहीये, रुचिरा. तुझी आहे. मी तुला सांभाळतोय तो मार्चपासून. तुझं डोकं दुखतंय. टेबल बंद कर आणि घरी जा. आईला बरं वाटेल.”

सर तिच्या आईला एकदाच भेटले होते, हॉस्पिटलात. आईचा उल्लेख त्यांनी आजवर कधी केला नव्हता.

ती परत आली तेव्हा पुतळाबाई तशाच बसल्या होत्या, कागदांवर हात ठेवून, पंख्याने उडू नयेत म्हणून. रुचिरा खुर्चीवर बसली नाही. “आजी,” ती म्हणाली, “ती धुरी वकील मी.”

पुतळाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. “तू?” मग तिच्या कोटाकडे, गळ्यातल्या पांढऱ्या बँडकडे. “माज्या नातीएवडी हाईस गो तू.”

रुचिराला रडू फुटलं. बाररूमच्या दाराशी, सगळ्यांदेखत.

“रडू नको. रडून घर नाय थांबायचा. चल, सांग जजला.”

रुचिराने डोळे पुसले, कार्डावरचा नंबर वहीत लिहिला आणि पुतळाबाईंच्या कागदावर ओळखीची सही केली. शपथ देणाऱ्या अधिकारी प्रेमा मॅडमच्या काउंटरवर शपथ झाली, शिक्का पडला, आणि दोघी वर कोर्टात गेल्या.

त्या दिवशीच्या खटल्यांचा बोर्ड चालू होता. नंदकिशोर चुरी पहिल्या रांगेत फाईल चाळत बसले होते. रुचिरा उभी राहिली आणि तिने सांगून टाकलं: मार्चमधल्या प्रतिज्ञापत्रावर ओळख माझी आहे, मी त्या बाईला ओळखत नव्हते, ती पुतळाबाई नव्हती. न्यायाधीशांनी चष्मा काढला. “वकीलबाई, याचा परिणाम कळतो ना तुम्हाला?” ती हो म्हणाली. “मग तोंडी नको. अर्जदार शपथेवर सांगतेय, पण समोरही शपथेवरचाच कागद आहे. तुम्ही तुमचं प्रतिज्ञापत्र द्या. रीतसर. मी बोर्ड संपेपर्यंत बसतो, साडेचारपर्यंत. आलं तर ताब्याला आजच स्थगिती देतो.”

तीन पन्नास झाले होते. कोर्टात चालणाऱ्या लेजर पेपरवर तिने स्वतःच्या हाताने लिहायला घेतलं. चारच परिच्छेद. तिसऱ्यात सरांचं नाव होतं. ते लिहिताना पेन थांबलं, आणि मग चाललं. लिहून झाल्यावर खाली डावीकडे तिने सवयीने जागा सोडली, ओळख देणाऱ्या वकिलाच्या सहीसाठी. स्वतःची ओळख स्वतः देता येत नाही, आपल्यालाही दुसऱ्या वकिलाची सही लागणार, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं.

बाररूममध्ये तीसेक वकील तरी होते. वर काय झालं ते तिच्याआधी खाली पोचलं होतं. ती आत आली. तिच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणाची तरी बॅग होती.

“स्वरदा, सही दे ना. ओळखीची. एकच सही.”

“हो अगं, देते ना.” स्वरदाने पर्स उघडली आणि ती पेन शोधू लागली. शोधतच राहिली. तिच्या कोटाच्या खिशाला दोन पेनं लावलेली होती. रुचिराने स्वतःचं पेन पुढे केलं तेव्हा तिने ते घेतलं नाही. “माझ्या बाबांची केस सरांकडे आहे यार,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “सॉरी. खरंच सॉरी.”

तेवढ्यात खोलीभर फोन थरथरले. रुचिराचाही. असोसिएशनच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप होता: ‘पुढील सूचना मिळेपर्यंत सदस्यांनी ओळख टेबलाच्या प्रकरणाशी संबंधित कोणत्याही कागदावर सही करू नये. आपली एकजूट हीच आपली ताकद.’ खाली अंगठे येऊ लागले. एक, चार, अकरा. ती टेबलाटेबलाशी गेली. एकाला अचानक फोन आला, एकाला दुसऱ्या कोर्टात पुकारा झाल्याचं आठवलं. ज्या पोराला आधार मागितल्याबद्दल महिनाभर वाळीत टाकलं होतं तो मान खाली घालून लिहीत होता. तिने त्याच्यासमोर कागद ठेवला. त्याने तो अगदी हलक्या हाताने तिच्याकडे परत सरकवला.

चार वाजून बावीस मिनिटांनी ती प्रेमा मॅडमच्या काउंटरवर उभी होती. पुतळाबाई शेजारी, काउंटरच्या कडेला धरून.

प्रेमा मॅडमनी कागद वाचला. तिसऱ्या परिच्छेदापाशी त्यांची भुवई हलली. मग त्यांनी डावीकडची मोकळी जागा पाहिली. “ओळख कोण देतंय?”

“कुणीच देत नाहीये, मॅडम.”

“अगं, तीन वर्षं रोज बघतेय मी तुला. तुझ्या डब्यातलं खाल्लंय.” त्यांनी शिक्का उचलला, हातात धरला आणि परत शाईच्या पॅडवर ठेवला. “पण माझं चालत नाही. वकीलच लागतो. तू त्यांना परत विचार ना, कुणीतरी देईल.”

“नाही देणार.”

पुतळाबाई पुढे झुकल्या. “मी देतंय. लिवा माजा नाव. हिला मी वलखतंय.” त्यांनी रुचिराचं मनगट पकडलं आणि काउंटरवर आणून ठेवलं. “हीच ती. हिनाच सही केली. मी सांगतंय ना, हीच ती.”

“आजी, तुमचंही नाही चालत,” प्रेमा मॅडम म्हणाल्या.

साडेचार झाले. वरून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग जिन्यावरून उतरणारी पावलं. वर शिपायाने कोर्टाचं दार ओढून घेतलं. पुतळाबाईंनी रुचिराचं मनगट सोडलं नव्हतं. काउंटरपलीकडे आता कुणी बघत नव्हतं तरी त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, हिला मी वलखतंय, हीच ती.